गोव्यात सगळ्यांसाठी एकच आरोग्य कवच: दीनदयाळ कार्ड असताना खाजगी पॉलिसीचा हप्ता का भरायचा?

साळावली
बाबा ६७ चे, आई ६३ ची. दोघांची मिळून एका खाजगी कंपनीची हेल्थ पॉलिसी आहे, दोन महिन्यांनी रिन्यू करायचीय. हप्ता दरवर्षी चढतोच आहे, २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उठला तरी भरताना हात आखडतोच. बाबा म्हणतात बंद करून टाक, घरात दीनदयाळ कार्ड आहे, बांबोळीला गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ आहे, आणखी काय हवं.

मला हा प्रश्न आमच्या घरापुरता वाटत नाही म्हणून इथे मांडतेय. २०१६ साली गोवा सरकारने दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली तेव्हा उत्पन्नाची अट ठेवली नव्हती. पाच वर्षं गोव्यात राहिलेला जवळपास कोणीही, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. केंद्राची आयुष्मान भारत आली २०१८ च्या सप्टेंबरात आणि ती होती खालच्या ४० टक्के लोकांसाठी. म्हणजे श्रीमंत-गरीब न बघता कार्ड द्यायचं हे आपल्या एवढ्याशा राज्याने दोन वर्षं आधी करून दाखवलं. मग ते अर्ध्यावर का थांबलं? माझं मत स्पष्ट आहे, आजारपणाचा खर्च करातून व्हावा, सगळ्यांची योजना एक असावी, आणि बाजारातली पॉलिसी ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावी पण भीतीपोटी कोणाला घ्यावी लागू नये. तुम्हाला काय वाटतं?

रेंदेर
पॉलिसी बंद करू नका. एवढं आधी सांगतो, बाकी चर्चा सावकाश करू. ६७ व्या वर्षी सोडलेली पॉलिसी परत घ्यायला गेलात की जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्यांचा खर्च मिळत नाही तो, पहिल्यापासून सुरू.

आबोली_सत्तरी
आमचा अनुभव चांगला आहे तो आधी लिहिते. मामंजींना पहाटे छातीत कळ आली, वाळपईला नेलं, तिथेच ईसीजी काढून बांबोळीला पाठवला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वाळपईलाच दिलं आणि मग १०८ मधून गोमेकॉत. पुढे अँजिओप्लास्टी झाली. घरातून पैसे काढून कोणाला धावावं लागलं नाही, दागिने गहाण पडले नाहीत. माझ्या माहेरी वीस वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला होता तेव्हा काजूची बाग गेली, ती आजवर परत आलेली नाही. त्यामुळे असल्या योजनांना कोणी फुकटेगिरी म्हटलं की मला राग येतो.

पण आता पुढचं ऐका. डिस्चार्जनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या, बीपीच्या, शुगरच्या, दर महिन्याला लागतात आणि कार्ड तिथे चालत नाही कारण कार्ड इस्पितळात भरती झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांना आहे. सरकारी केंद्रात मिळतात त्या गोळ्या आणतो, ज्या तिथे नसतात त्या विकत. शेजारचे एक काका पैसे वाचवायला गोळी एक दिवसाआड घेतात, मी त्यांना दहादा सांगितलं. आपल्या व्यवस्थेत अॅटॅक यायच्या आधीची शंभर रुपयांची गोळी तुमची आणि अॅटॅक आल्यावरचे लाखभर सरकारचे, हे मला पटत नाही.

पायलट_मडगाव
आबोलीताईंनी बरोब्बर सांगितलं. मी मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने माणसं नेणारा, पावसात धंदा अर्धा. एक दिवस ओपीडीत गेला की त्या दिवसाची कमाई गेली. माझ्यासारख्याला ऑपरेशनच्या कार्डापेक्षा गावच्या आरोग्य केंद्रात संध्याकाळी सात-आठपर्यंत दोतोर असणं जास्त कामाचं आहे. याचा कुठल्याच योजनेत विचार नाही.

हिशेबनीस
थोडं उलट बाजूने लिहितो, रागावू नका. करातून म्हणजे कोणाच्या करातून? गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख. २०१२ ला खाणी बंद पडल्या, २०१८ ला परत बंद पडल्या तेव्हा सरकारी तिजोरीची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बघितलंय. कवच वाढवत न्यायचं आणि पैसे पर्यटनाच्या भरवशावर, हे टिकणार नाही.

दुसरं म्हणजे खाजगी विमा जितका वाईट रंगवला जातो तितका आता राहिलेला नाही. २०२४ मध्ये विमा नियामकाने बरेच नियम बदलले. ६५ वर्षांनंतर नवीन पॉलिसी सहसा मिळत नव्हती, ती वयाची अट काढली. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त चार वर्षं होता तो तीन केला. पाच वर्षं सलग हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही अमुक आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आधी ही मुदत आठ वर्षांची होती. कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यायची. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. साळावली, तुमच्या बाबांचा हप्ता किती टक्के वाढलाय ते मागच्या पावतीशी ताडून बघा.

सुधारणा करायच्या तर अशा करा, सगळंच सरकारच्या गळ्यात मारू नका.

केगदीफूल
तीन तासांचा नियम कागदावर. माझ्या भावाचा डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिला, विमा कंपनीची शेवटची मंजुरी यायला रात्र झाली. इस्पितळाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. वर रूम रेंटची कात्री लागली ती वेगळीच.

ही कात्री बऱ्याच लोकांना माहीत नसते म्हणून सविस्तर लिहिते. समजा पॉलिसी ५ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. खोली मिळाली ८ हजारांची. आपल्याला वाटतं वरचे ३ हजार रोजचे आपण भरू, संपलं. तसं होत नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं पाच-अष्टमांश धरतात. म्हणजे हा भाग १ लाख ६० हजार असेल तर मिळणार १ लाख. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावायची नाही असं नियामकाने सांगितलेलं आहे, तरी बिल नीट बघा, भांडायची तयारी ठेवा. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्रैराशिक करायला लावणारी ही पद्धत मला तरी माणुसकीची वाटत नाही. गोमेकॉच्या वॉर्डात कोणी खाटेचं भाडं विचारून सर्जनची फी कापत नाही.

बोंडला
केगदीफूल +१. आणि सिंगल रूम हवी म्हणून कोणी घेत नाही, पुष्कळदा तीच एक रिकामी असते.

दोतोर_काका
चाळीस वर्षं सरकारी नोकरीत डॉक्टर होतो, आता निवृत्त. दोन्ही बाजू वाचल्या.

विमा आणि आरोग्यसेवा यात आपण गल्लत करतोय. विमा म्हणजे बिल कोण भरणार याची व्यवस्था. पण बिल भरणारा आहे म्हणून काणकोणला हाडांचा डॉक्टर उगवत नाही. १९४६ साली, इंग्रज सरकारने आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने अहवाल दिला त्यातला गाभा हा होता की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि त्यासाठी त्यांनी सुचवलं काय, तर गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारी केंद्रांची साखळी. कार्ड नव्हे.

नुसतं कार्ड दिलं आणि देखरेख नसली की काय होतं तेही सांगतो. २००८ ला केंद्राची ३० हजारांची विमा योजना आली, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना. नंतर बिहार, छत्तीसगडमधून तक्रारी आल्या की खाजगी दवाखाने गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढतायत, कारण त्या ऑपरेशनचं पॅकेज, म्हणजे ठरलेली रक्कम, मिळते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, एप्रिल २०२३ मध्ये कोर्टाने सगळ्या राज्यांना देखरेखीच्या सूचना अमलात आणायला सांगितल्या. गरीब, पंचविशी-तिशीतल्या बायका होत्या त्यात. ही किंमत कुठल्या हिशेबात धरायची?

म्हणून सगळ्यांना कवच हवंच, पण त्याचा कणा सरकारी इस्पितळ हवा. गोव्याला ते नवीन नाही. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, आशियातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, तिचंच आजचं रूप बांबोळीला आहे. लहान राज्य, कुठूनही दीड-दोन तासांत मेडिकल कॉलेज गाठता येतं. हे बळ देशात किती राज्यांकडे आहे?

हिशेबनीस
काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण सरकारी इस्पितळ हा कणा म्हणायचं तर मग आमदार-मंत्री तपासायला मुंबईला का जातात?

दोतोर_काका
तुमच्या प्रश्नातच माझं म्हणणं आलं बाब. त्यांनाही त्याच वॉर्डात यावं लागलं तर वॉर्ड सुधारेल. सगळ्यांची योजना एक असावी हे साळावली म्हणतेय ते याचसाठी. फक्त गरिबांसाठी काढलेली योजना हळूहळू वाऱ्यावर सुटते, कारण तिच्यासाठी भांडायला आवाज असलेला माणूस आत नसतो.

दर्यावर्दी
बोटीवर आहे, नेट मिळालं तसं लिहितो. आमच्या गावातली अर्धी पोरं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. तिथली एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, युद्धातून देश नुकताच बाहेर पडलेला, रेशनिंग चालू होतं तेव्हा. श्रीमंत झाल्यावर करू असं त्यांनी म्हटलं नाही. पोर्तुगालने १९७९ साली केली, हुकूमशाही जाऊन पाच वर्षं झाली होती आणि युरोपातला तो गरीब देश होता. थायलंडने २००२ च्या सुमारास ३० बाटवाली (बाट हे त्यांचं चलन) योजना सगळीकडे नेली, ते तर आपल्यासारखेच. त्यामुळे हिशेबनीस, पैसे नाहीत हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

वेटिंग लिस्ट असते हे खरं आहे. इंग्लंडात ठरवून करायच्या उपचारांना १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे आणि ते कित्येक वर्षं पूर्ण होत नाहीये. गुडघा बदलायचा तर थांबा. पण कॅन्सर निघाला म्हणून घर विकलं असं तिथे मी कोणाकडून ऐकलं नाही.

फोंडेकार_२
थायलंडवाल्यांनी केलं कसं ते कोणी सांगेल का? सगळे नाव घेतात.

दोतोर_काका
थोडक्यात सांगतो. पैसा करातून. इस्पितळाला प्रत्येक ऑपरेशनमागे पैसे देण्याऐवजी बाहेरच्या उपचारांसाठी नोंदवलेल्या माणसांमागे वर्षाला ठराविक रक्कम. म्हणजे माणूस निरोगी राहिला तर इस्पितळाचा फायदा, त्यामुळे आबोली म्हणते ती शंभर रुपयांची गोळी इस्पितळ स्वतःहून देतं. आणि हे करण्याआधी वीस-पंचवीस वर्षं त्यांनी तालुक्या-तालुक्याला इस्पितळं बांधून नवीन डॉक्टरांना खेड्यात नोकरी सक्तीची केली होती. पाया आधी घातलेला होता.

डॉक्टरांचा विरोध सगळीकडे होतो हेही लिहून ठेवतो. कॅनडात सस्कॅचवान प्रांताने १९६२ मध्ये पहिल्यांदा सगळ्यांना डॉक्टरी सेवेचं कवच दिलं तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. काही वर्षांत तीच पद्धत देशभर गेली आणि आज तिथला डॉक्टर ती सोडायला तयार होणार नाही.

मालवणी_मुलगो
सीमेपलीकडून लिहितोय, दोडामार्ग तालुका. आमच्यासाठी आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा, ओरोसपेक्षा, बांबोळी जवळची वाटते, पिढ्यान् पिढ्या तिथेच जातो. २०१८ च्या जानेवारीत गोमेकॉत गोव्याबाहेरच्यांना फी लागली तेव्हा इथे मोठं आंदोलन झालं होतं. नंतर महाराष्ट्राची जनआरोग्य योजना तिथे लागू व्हावी म्हणून खटपट झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना खुली करून पाच लाखांवर न्यायचं ठरवलं, म्हणजे तुमच्या वाटेनेच आलो. पण माझा मुद्दा असा की अपघात झालेल्या माणसाला तेरेखोल नदीच्या अलीकडचा की पलीकडचा हे विचारायची वेळ का यावी? सगळ्यांसाठी म्हणता तर ‘सगळे’ कुठे संपतात?

तांबडी_माती
भावा, तुझं दुःख समजतं पण आमच्या खाटा आम्हालाच पुरत नाहीत. आमच्या आजीला खाली गादीवर झोपवलं होतं एका सरकारी इस्पितळात.

मालवणी_मुलगो
तुमच्या आजीला खाट मिळायलाच हवी. पण म्हणून आमच्या आजीने दीडशे किलोमीटर कोल्हापूरला जावं का? खाटा वाढवायचे पैसे महाराष्ट्र सरकारने द्यावेत, मी त्याच्याच बाजूने आहे. भांडण आजी-आजीत नको, दोन्ही सरकारांशी करूया.

आबोली_सत्तरी
हे आवडलं. आमच्या वाळपईच्या बायकाही बेळगावला जातात की, तिकडच्यांनी हाकलून दिलं तर?

हिशेबनीस
बरं, मला एक मान्य आहे. खाजगी विमा म्हाताऱ्याला आणि आजाऱ्याला महाग पडणारच, कारण कंपनी जोखीम बघून हप्ता लावते. तरुण माणूस स्वस्तात बाहेर राहतो किंवा घेतच नाही आणि मग आत उरतात ते आजारी, हप्ता आणखी चढतो, आणखी लोक सोडतात. हे चक्र नियमांनी पूर्ण थांबत नाही, सगळ्यांना एका पुंजीत आणल्याशिवाय. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने आजारी माणसाला विमा नाकारायला बंदी केली तेव्हा त्यासोबत सगळ्यांनी विमा घ्यायची सक्ती आणली ती याच कारणाने.

पण ‘सगळ्यांना सारखं’ म्हणताना भरण्यातही न्याय असू द्या. सध्या दीनदयाळ कार्डाची वर्षाची नोंदणी फी दोनशे-तीनशे, कोट्यधीशालाही तेवढीच. गावच्या जत्रेची वर्गणीसुद्धा घर बघून घेतात. ज्याला झेपेल त्याने वर्षाला पाच-दहा हजार भरावेत, प्रसाद सगळ्यांना सारखा. असं असेल तर मी पाठिंबा देईन.

साळावली
हिशेबनीस दादा, याला माझी काहीच हरकत नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेत, तेच तत्त्व आहे ना? पगाराच्या पाऊण टक्का कामगार, सव्वातीन टक्के मालक, आणि औषधं-ओपीडीसकट सगळं. पण २१ हजारांच्या वर पगार गेला की बाहेर, आणि ती मर्यादा २०१७ पासून तिथेच अडकलीय. माझ्या मैत्रिणीला हॉटेलात हजार रुपये पगारवाढ मिळाली आणि आईच्या औषधांसकट ईएसआय गेलं. वाढ नको म्हणायची वेळ आली तिच्यावर. तुकड्या-तुकड्यांच्या योजनांचं हेच होतं. सरकारी नोकराची एक, कामगाराची एक, सत्तरीपुढच्याची एक, आणि दोन तुकड्यांच्या फटीत माणूस पडतो.

पायलट_मडगाव
आमच्यासारखे स्वतःचा धंदा करणारे तर कुठल्याच तुकड्यात नाहीत, दीनदयाळ सोडून.

सुरंगी
खाजगी इस्पितळात नोकरी करते, बिलिंगला. एक बाजू राहिली म्हणून लिहिते. सरकारी योजनांचे पॅकेज दर कमी असतात आणि पैसे यायला महिनोन् महिने लागले की लहान नर्सिंग होम तग धरू शकत नाही, मग ते योजनेतून बाहेर पडतं किंवा ‘खाट नाही’ सांगतं. पेशंटला वाटतं आम्ही दुष्ट. दर खर्च मोजून ठरवावेत, पैसे ठरल्या मुदतीत द्यावेत आणि त्यानंतर कोणी वरचे पैसे मागितले तर त्याला सरळ यादीतून काढावं. हे तीन एकत्र केल्याशिवाय योजना खाजगीत चालत नाही.

दोतोर_काका
सुरंगी, अगदी मान्य. आणि दर उघडपणे दारावर लावावेत.

एक आकडा नोंदवतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४. उतरलाय, चांगली गोष्ट आहे. पण अजून शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजारी माणूस स्वतः काढतो आणि त्यात मोठा भाग गोळ्या-औषधं नि ओपीडीचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर २०२५ पर्यंत न्यायचं ठरलं होतं. तिथे आपण पोचलेलो नाही. गोव्यापुरतं मागायचं तर मी आधी हे मागेन: प्रत्येक आरोग्य केंद्रात बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, हृदय यांची औषधं वर्षभर खंड न पडता मोफत. ऑपरेशनची रक्कम वाढवणं नंतर.

रेंदेर
आता मूळ प्रश्नाकडे येऊ का, नाहीतर साळावलीची तारीख निघून जाईल.

बाबा-आईची पॉलिसी मोडू नका. हप्ता जड होत असेल तर मूळ रक्कम थोडी कमी करून वर सुपर टॉप-अप घ्या. म्हणजे समजा पहिले तीन लाख मूळ पॉलिसी, त्यावरचे दहा लाख टॉप-अप, ते स्वस्त पडतं. कंपनीच नको असेल तर पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्या, पूर्ण केलेला वेटिंग पिरियड सोबत येतो, पण अर्ज रिन्यूअलच्या निदान दीड महिना आधी टाका. रूम रेंटची मर्यादा नसलेली बघा, केगदीफूलने सांगितलंय ते. दीनदयाळ कार्डही चालू ठेवा, त्याचं नूतनीकरण लोक विसरतात. आणि बाबांना ७० पूर्ण झाले की आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याला उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं.

साळावली
रेंदेर बाब, देव बरें करूं. पोर्टचा अर्ज या आठवड्यात टाकते. बाबांना हा धागा वाचायला दिला, ते म्हणाले पॉलिसी ठेवूया, पण दोतोरकाकांची औषधांची मागणी आमच्या पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत मांडायची. ठराव मी लिहितेय, दोतोरकाका आणि सुरंगी, मसुदा पाठवला तर बघाल का?

दोतोर_काका
जरूर. औषधांची नावं यादीसकट घाल, मोघम लिहिलंस तर ठराव फायलीत जाईल.

सुरंगी
बघते. किती दिवस औषध नव्हतं याची नोंद केंद्राने दर महिन्याला पंचायतीत लावावी हेही घाल.

बोंडला
मध्येच एक विचारतो. आमच्या ट्रॉलरवर झारखंडचा एक पोरगा आहे, गोव्यात तीनच वर्षं झालीत, म्हणजे दीनदयाळ नाही. जाळं ओढताना हाताला लागलंय, ऑपरेशन सांगितलंय. त्याचं काय करायचं?

रेंदेर
गावाकडे त्याच्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड असेल तर ते देशात योजनेला जोडलेल्या कुठल्याही इस्पितळात चालतं, गोव्यातही. १४५५५ ला फोन करून नाव आहे का ते बघायला सांग, आधार जवळ ठेव. आजच कर, हाताचं काम आहे. आणि कार्ड नसलं तरी सरकारी इस्पितळात घेऊन जा, फीचं तिथे समाजसेवकाशी बोलता येतं. नाही जमलं तर इथे लिही, मडगावात असशील तर मी येतो.